मानसिक आजाराचं सोंग चाचणीत पकडता येतं का?

जिल्हा रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा प्रश्न आहे : 'दर बुधवारी अपंगत्व प्रमाणपत्रासाठी तीस-पस्तीस जण येतात. माझ्याकडे बुद्ध्यांकासाठी बिने-कामत, आकाराचे ठोकळे भोकांत बसवायचा सेगिन फॉर्म बोर्ड, रोजच्या व्यवहारातली समज मोजणारी व्हाइनलँड आणि मानसिक आजारानं आलेलं अपंगत्व मोजणारी आयडियाज एवढीच साधनं आहेत. काही जण सरळसरळ बतावणी करतात असं वाटतं. चाचणीवरून तसं खात्रीनं लिहिता येतं का? उद्या कोर्टानं बोलावलं तर काय सांगू?'

मी २४ वर्षं हे काम करते आहे. सरकारी बोर्ड, मोटार अपघाताचे दावे, तुरुंगातून तपासणीला आणलेले कैदी, सगळं पाहिलं आहे. खाली जे प्रसंग येतील त्यांतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चाचण्यांमधली नेमकी विधानं आणि बरेचसे कटऑफ, म्हणजे शंकेची रेघ ठरवणारे गुण, मुद्दाम देत नाही. ते सगळीकडे फिरू लागले की त्या चाचणीचा उपयोग संपतो.

आधी थोडक्यात. समोरच्यानं दिलेली उत्तरं खऱ्या आजाराच्या, खऱ्या विस्मरणाच्या किंवा खऱ्या बौद्धिक अक्षमतेच्या रीतीत बसतात की नाही, हे चाचणी सांगू शकते. बसत नसतील तर तसं लिहायला आपल्या पायाखाली बऱ्यापैकी पक्की जमीन असते. पण 'हा माणूस हे मुद्दाम करतो आहे आणि अमुक फायद्यासाठी करतो आहे' हे त्याच्या पुढचं पाऊल. ते कोणतीही चाचणी तुमच्या वतीनं टाकत नाही. मी एकदा ते घाईनं टाकलं होतं, त्याबद्दल पुढे सांगते.

'मला बघताक्षणी कळतं' हा विश्वास पहिल्यांदा बाजूला ठेवा. १९८८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड फाउस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते १२ वर्षांच्या काही मुलांना एवढंच सांगितलं, की या चाचण्यांवर मुद्दाम वाईट करून दाखवा, पण पकडले जाऊ नका. फारशी शिकवणी दिली नव्हती. ते निकाल व्यवसायातल्या न्यूरोसायकॉलॉजिस्टना, म्हणजे मेंदूच्या कामाच्या चाचण्या घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना, पाठवले. उत्तर देणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांनी निकाल बिघडलेला ठरवला, बहुतेकांनी मेंदूतल्या दोषाकडे बोट दाखवलं, आणि सोंग असावं असं एकानंही लिहिलं नाही. शाळकरी पोरांनी अनुभवी माणसांना फसवलं. हे वाचल्यापासून मी माझ्या 'नजरेवर' एकही अहवाल सोडलेला नाही.

मग चाचणी नेमकं काय करते? वेड पांघरून पेडगावला निघालेल्या माणसाकडे आजाराची ऐकीव माहिती असते. सिनेमात पाहिलेलं, शेजारच्या वेडसर काकांचं लहानपणी पाहिलेलं, वकिलाच्या कारकुनानं सांगितलेलं. स्मृती गेली म्हणजे काहीच आठवत नाही, असं त्याला वाटतं. वेड लागलं म्हणजे सगळी लक्षणं एकदम, सतत आणि पराकोटीची, असं वाटतं. खरा आजार असा नसतो. त्यात काही गोष्टी ठणठणीत शाबूत राहतात, आणि कुठल्या राहतात हे बाहेरच्याला माहीत नसतं. या विषयातली जवळजवळ सगळी साधनं या एकाच फटीतून आत शिरतात.

सगळ्यात सोपं उदाहरण खिशातल्या नाण्याचं. ही पद्धत नरिंदर कपूर यांनी १९९४ मध्ये मांडली. माझ्याकडे एक टेम्पोचालक आला होता, वय अडतीस. महामार्गावर मागून ट्रकनं ठोकलं, डोक्याला मार, नुकसानभरपाईचा दावा चालू. म्हणाला, 'मॅडम, दोन मिनिटांपूर्वीचंबी ध्यानात ऱ्हात नाही.' मी पाच रुपयांचं नाणं उजव्या तळहातावर ठेवून त्याला दाखवलं, मुठी मिटल्या. त्याला डोळे मिटून दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजायला सांगितले. डोळे उघडल्यावर विचारलं, नाणं कुठल्या हातात? त्यानं बराच विचार केल्यासारखं केलं आणि डाव्या मुठीला बोट लावलं. असं दहा वेळा केलं. नऊ वेळा चुकला.

ज्यांची स्मृती खरोखर गंभीर रीतीनं गेलेली असते, ज्यांना सकाळी कोण भेटून गेलं ते सांगता येत नाही, असे रुग्णही या खेळात जवळपास दहापैकी दहा बरोबर येतात. दहा सेकंदांची आठवण त्यांच्याकडे शिल्लक असते. आणि समजा तीही नाही, तरी डोळे झाकून बोट लावलं तर दहात पाचच्या आसपास बरोबर यायला हवीत. दहात एक किंवा त्याहून कमी बरोबर येण्याची शक्यता शंभरात एकच्या आसपास आहे. नऊ वेळा चुकायचं तर नाणं कुठल्या मुठीत आहे हे बहुधा ठाऊक असावं लागतं. दाराशी जाऊन तो वळला आणि म्हणाला, 'म्हंजे येत्या गुरुवारी, याच खोलीत ना?' तारीख मी तासाभरापूर्वी एकदाच सांगितली होती.

याच तत्त्वावरची नीट प्रमाणित केलेली चाचणी म्हणजे टॉम. टॉम टॉमबॉ यांनी ती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. साध्या वस्तूंची पन्नास रेखाचित्रं दाखवायची, मग प्रत्येक चित्र दुसऱ्या एका नव्या चित्राशेजारी ठेवून विचारायचं, यातलं मघाशी कुठलं पाहिलं? दिसायला अवघड, प्रत्यक्षात सोपी. कारण पाहिलेली गोष्ट ओळखणं हे आठवून सांगण्यापेक्षा फार सोपं असतं आणि मेंदूला इजा झाल्यावरही पुष्कळदा टिकतं. पन्नासात नुसत्या अंदाजानं पंचवीस येतात. अठरा किंवा त्याहून कमी येणं अंदाजानं शंभरात तीनेक वेळा घडेल, पंधरा किंवा कमी तर तीनशेत एकदा. अंदाजापेक्षाही वाईट निकाल हा या क्षेत्रातला सगळ्यात भक्कम पुरावा, कारण तिथे चुकीचं उत्तर निवडलेलं असतं. पण लक्षात ठेवा, बतावणी करणाऱ्यांपैकी फार थोडे इतक्या खाली जातात. बहुतेक जण मधल्या पट्ट्यात सापडतात, आणि तिथेच आपला न्यायनिवाडा कठीण होतो.

वेडाची बतावणी निराळी. तिथे स्मृतीऐवजी लक्षणं सांगितली जातात. एमएमपीआय ही मिनेसोटा विद्यापीठात हॅथवे आणि मॅकिन्ली यांनी तयार केलेली व्यक्तिमत्त्व आणि मनोविकारांची प्रश्नावली १९४३ ची, आणि त्या काळातच त्यांनी तिच्यात एफ नावाची मोजपट्टी घातली होती. सर्वसाधारण लोकांत दहा टक्क्यांहूनही कमी जण ज्यांना 'हो' म्हणतील अशी विधानं त्यात आहेत. इतकी दुर्मिळ विधानं एखाद्यानं ढिगानं स्वीकारली तर शंका घ्यायला जागा होते. पण एक मोठी अडचण होती. खरोखर गंभीर आजारी माणसाचाही एफ वर जातो, कारण त्याचे अनुभव खरेच दुर्मिळ असतात. म्हणून १९९५ मध्ये आर्बिसी आणि बेन-पोराथ यांनी एफ-पी काढली. तिच्यातली विधानं मनोरुग्णालयात दाखल असलेले रुग्णही सहसा स्वीकारत नाहीत. निरोग्याला विचित्र वाटणाऱ्या गोष्टी आणि खुद्द आजारी माणसालाही विचित्र वाटणाऱ्या गोष्टी यांतला हा फरक पक्का समजून घ्या. या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच शिकवते.

लक्षणांची बतावणी ओळखण्यासाठीच केलेली रिचर्ड रॉजर्स यांची सर्स ही मुलाखत आणि होली मिलर यांची पंचवीस प्रश्नांची एम-फास्ट यांतही असाच विचार आहे. सहसा एकत्र न येणारी लक्षणं एकत्र सांगितली का, तोंडानं सांगितलेलं आणि समोर दिसणारं जुळतं का, आणि आपण सहज सुचवलेलं लक्षण लगेच उचललं का. या शेवटच्या युक्तीचं गाजलेलं उदाहरण लॉस एंजेलिसच्या केनेथ बियांचीचं. १९७९ मध्ये खुनांच्या आरोपाखाली असताना त्यानं आपल्यात दुसरी व्यक्ती राहते असं दाखवलं होतं. मानसोपचारतज्ज्ञ मार्टिन ऑर्न यांनी बोलता बोलता सहज म्हटलं, की खऱ्या बहुव्यक्तिमत्त्वात सहसा दोनांहून जास्त व्यक्ती असतात. थोड्याच वेळात तिसरी व्यक्ती हजर झाली. पुढे त्यानं गुन्हा कबूल केला. मी स्वतः असा सापळा फार जपून वापरते. सुचवलेलं उचलणं हे भोळ्या, घाबरलेल्या, 'मोठ्या डॉक्टरांना हवं ते सांगावं' असं वाटणाऱ्या माणसाकडूनही होतं, आणि आपल्या ओपीडीत असे लोकच जास्त येतात.

महागडी साधनं नसली तरी नीट विचारता येतं. आवाज ऐकू येतात म्हणणाऱ्याला मी 'कसले आवाज' यावर फार वेळ घालवत नाही. 'आवाज सुरू झाले की तुम्ही काय करता?' हे विचारते. खऱ्या रुग्णानं बहुतेक वेळा स्वतःची काहीतरी तजवीज केलेली असते. कोणी रेडिओ मोठा करतो, कोणी उठून चालायला लागतो, कोणी कानात कापूस घालतो. एक आजोबा मोठ्यानं हरिपाठ म्हणायचे. त्यांच्या सुनेला हरिपाठ ऐकू आला की कळायचं, आज त्रास वाढलाय. सोंग घेणाऱ्याला हा प्रश्न अनपेक्षित असतो. 'काय करणार, येतच राहतात, चोवीस तास,' असं उत्तर येतं. खरे आवाज बहुधा थांबून थांबून येतात. दुसरं म्हणजे, भास आणि संशय दाखवणं सोपं असतं. इच्छाशक्ती आटणं, चेहऱ्यावरचे भाव विझणं, वाक्यातून धागा निसटत जाणं हे तासभर सलग दाखवणं फार कठीण. माणूस भासांच्या गोष्टी रंगवून सांगतो आहे पण बोलणं एकदम मुद्देसूद, तर मी दुसरी बैठक ठेवते. एवढ्यावरून निष्कर्ष काढत नाही.

आता तुमच्या खोलीत येऊ. वर सांगितलेलं सगळं अमेरिकेत आणि युरोपात तयार झालं, आणि आपल्या माणसावर ते जसंच्या तसं लावलं की चुकतं. आन्द्रे रे यांची पंधरा आकृत्यांची चाचणी घ्या. फुकट आणि झटपट म्हणून ती आपल्याकडे खूप वापरली जाते. पंधरा चिन्हं म्हटलं की अवघड वाटतं, पण तीन-तीनच्या पाच ओळी असतात : मोठी एबीसी, छोटी एबीसी, एक-दोन-तीन, रोमन आकडे आणि तीन आकृत्या. ज्याला हे ओळखीचं आहे त्याला पंधरा नाही, पाचच गोष्टी लक्षात ठेवायच्या आहेत. चाचणीचा सगळा जीव त्यात आहे. चौथीत शाळा सोडलेल्या बाईला रोमन आकडे म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. तिला खरंच पंधरा निरनिराळ्या खुणा लक्षात ठेवायच्या आहेत. ती नापास होणार, आणि आपण तिच्या नावापुढे शंका लिहिणार! मग कोणी म्हणतं, अ आ इ आणि देवनागरी आकडे घालू. घाला, पण मग जुना कटऑफ लागू होत नाही, कारण ती चाचणीच वेगळी झाली.

लक्षणांचंही तसंच. भुताखेतांनी झपाटल्याबद्दलचं विधान एमएमपीआयच्या एफमध्ये आहे. मिनेसोटात ते दुर्मिळ असेल. आपल्याकडे अंगात येतं म्हणणारी, करणी झाली म्हणणारी, वारलेल्या आईनं हाक मारली असं सांगणारी कितीतरी माणसं आजारी नाहीत आणि खोटंही बोलत नाहीत. ती जे घडलं ते त्यांच्या भाषेत सांगताहेत. तिथे घरच्यांना आणि गावातल्यांना विचारा, की हे तुमच्याकडे इतरांनाही होतं का, आणि यांचं त्याहून वेगळं काय?

बौद्धिक अक्षमतेच्या दाखल्यांत तर फारच जपायला हवं, आणि तुमच्या बुधवारच्या रांगेत त्यांचीच संख्या जास्त असणार. प्रयत्न तपासणाऱ्या, म्हणजे माणूस मनापासून उत्तरं देतो का हे बघणाऱ्या, बहुतेक चाचण्या खरा बुद्ध्यांक ७० च्या खाली असलेल्या माणसावर खोटा इशारा देऊ शकतात. आकडे लक्षात ठेवण्यावरून काढलेला निर्देशांक इथे विशेष दगा देतो. मंदत्वामुळेच तो कमी येतो आणि आपण त्याला कामचुकारपणा समजतो. म्हणून या मुलांत मी उत्तरांची रीत बघते. बिने-कामतमध्ये वयाचे टप्पे वर जातात तसं खऱ्या अक्षमतेत यश हळूहळू विरळ होत जातं. चार वर्षांचं येत नाही आणि आठ वर्षांचं येतं, असं वारंवार झालं तर थांबायचं. पण अपस्मार, स्वमग्नता, ऐकू कमी येणं, शाळेतच न गेलेलं असणं यांतही असा विखुरलेपणा दिसतो. ते आधी तपासा. फॉर्म बोर्डवर तीन वेळा मांडायला लावतो ना, तिथे वेळेइतकंच हाताकडे बघा. खरं अडखळणारं मूल ठोकळा भोकात बसवायचा प्रयत्न करतं, फिरवतं, दाबतं, दुसऱ्याकडे बघतं. घरून पढवून आणलेलं मूल, मी पाहिलेली तरी, ठोकळा उचलतं, बरोबर भोकाकडे एक नजर टाकतं आणि शेजारच्या भोकावर ठेवून देतं. त्या एका नजरेची नोंद करा, शब्दांत, जशी दिसली तशी. 'मूल सहकार्य करत नाही' असं मोघम लिहू नका.

मुलाचा मोबाइल हा पुरावा नाही, हेही सांगते. मोबाइलवर झरझर व्हिडिओ लावणारं मूल पाहून बोर्डावरचे डॉक्टर हसतात. मध्यम अक्षमतेची कितीतरी मुलं हे करतात.

आयडियाजमध्ये स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम अशा चार क्षेत्रांना आपण गुण देतो, आणि ते मुख्यतः माणूस आणि त्याचे नातेवाईक जे सांगतील त्यावर. उत्तर खरं की फुगवलेलं हे तपासायची कुठलीही सोय त्यात नाही. ती आपल्याला बाहेरून आणावी लागते : जुनी औषधांची चिठ्ठी, गावातल्या आशाताई, अंगणवाडीसेविका, शाळेचं रजिस्टर, कामाच्या ठिकाणची हजेरी. या कामात मला दोन तासांच्या चाचणीपेक्षा दहा वर्षांपूर्वीच्या एका मळकट केसपेपरनं अनेकदा जास्त मदत केली आहे.

आता आकडेमोडीचा एक मुद्दा. तो कोर्टात हमखास लागतो. समजा एक चाचणी सोंग घेणाऱ्या शंभरातले सत्तर पकडते आणि प्रामाणिक शंभरातल्या दहांवर चुकून बोट ठेवते. चाचणी म्हणून हे वाईट नाही. अपघात दाव्यांच्या शंभर लोकांत तीस जण बतावणी करत असतील, तर चाचणी अठ्ठावीस जणांवर बोट ठेवील : एकवीस खरोखर बतावणीचे, सात प्रामाणिक. पण साध्या ओपीडीत शंभरात दहाच तसे असतील, तर ती सोळा जणांवर बोट ठेवील आणि त्यांतले नऊ प्रामाणिक असतील. तीच चाचणी, तोच कटऑफ, आणि निम्म्याहून जास्त वेळा आपण निरपराध माणसाला खोटं ठरवलेलं असेल. हे प्रमाण मी हवेतून घेतलेलं नाही. अमेरिकेतल्या न्यूरोसायकॉलॉजिस्टांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिटेनबर्ग यांच्या पाहणीत स्वतःच्या कामावरून जे अंदाज दिले ते असे : अपघात-इजेच्या दाव्यांत २९ टक्के, अपंगत्वाच्या दाव्यांत ३०, फौजदारी प्रकरणांत १९ आणि साध्या वैद्यकीय तपासणीत ८. आपल्या जिल्ह्यातले आकडे हेच असतील असं धरू नका. म्हणून एका चाचणीवर कधीच थांबायचं नाही. दोन वेगळ्या धाटणीच्या चाचण्यांवर एकाच माणसाचं उत्तर बसत नसेल तर खोट्या इशाऱ्याची शक्यता पुष्कळ खाली येते.

आता माझी चूक. नोकरीचं दुसरं वर्ष. तुरुंगातून एक कच्चा कैदी आणला, बाविशीतला. बैलाला पाय किती? 'पाच.' आठवड्याचे दिवस? 'आठ.' दोन आणि दोन? 'पाच.' प्रत्येक उत्तर बरोबर उत्तराच्या शेजारचं. बरोबर काय ते माहीत असल्याशिवाय इतकं नेमकं शेजारचं उत्तर कसं देईल? मला आनंद झाला, पुस्तकातलं समोर दिसलं म्हणून. अहवालात मी एका शब्दात 'मॅलिंगरिंग', म्हणजे मुद्दाम केलेली बतावणी, असं लिहिलं. पाच महिन्यांनी त्याला पुन्हा आणलं तेव्हा त्याचं अंग ताठरलेलं, खाणं बंद, कपड्यांत लघवी. विजेचे उपचार द्यावे लागले तेव्हा तो पाणी मागू लागला. त्याचे वडील म्हणाले, 'ताई, तेव्हापासूनच तो झोपत नव्हता. कुणी इचारलंच नाही.' मी विचारलं नव्हतं. बराकीतल्या शिपायाला, शेजारच्या कैद्यांना, कोणालाच नाही.

ही शेजारची उत्तरं १८९८ मध्ये झिगबर्ट गान्झर यांनी कैद्यांमध्येच वर्णन केली होती, आणि ती बतावणी, मनाचा दुभंग की येऊ घातलेल्या मोठ्या आजाराची सुरुवात, यावर तेव्हापासून वाद आहे. मी त्या वादाचा निकाल एका दुपारी लावून मोकळी झाले होते.

आपल्याच मुंबईतलं रामन राघवचं प्रकरण या क्षेत्रातल्या प्रत्येकानं वाचायला हवं. १९६८ मध्ये अनेक खुनांसाठी त्याला अटक झाली. पोलीस सर्जननी त्याला जवळपास महिनाभर निरीक्षणाखाली ठेवून सांगितलं, की त्याला मनोविकृती नाही. फाशीची शिक्षा झाली. मग उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ बसलं. त्यांनी त्याला पाच वेळा, दर वेळी सुमारे दोन तास, तपासलं आणि जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलं. पुढे शिक्षा जन्मठेपेत बदलली. त्याचे गुन्हे भयंकर होते यात शंका नाही. पण तोच माणूस एका तपासणीत निरोगी आणि दुसऱ्या तपासणीत गंभीर आजारी ठरला. दुसऱ्या वेळी तीन डोकी होती, पाच बैठका होत्या.

कोर्टाबद्दल तुम्ही विचारलंत. एक, मनोविकाराच्या बचावाचं भारतीय दंड संहितेचं कलम ८४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२, कृत्य घडलं त्या क्षणी आरोपीला आपण काय करतो आहोत किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे कळत होतं का, एवढंच विचारतं. तुमची चाचणी आजची. दाह्याभाई ठक्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६४ मध्येच सांगितलं आहे, की घटनेच्या आधीची, वेळची आणि नंतरची परिस्थिती बघायची. म्हणून 'चाचणीत बतावणी दिसली, म्हणजे त्या रात्रीही तो शुद्धीवर होता' असं वकिलानं तुमच्या तोंडून वदवून घ्यायचा प्रयत्न केला तर नम्रपणे नकार द्या. दोन, 'मग नार्को का केली नाही?' हा प्रश्न येतोच. सेल्वी प्रकरणात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग घटनाबाह्य ठरवलं आहे. आणि औषधाच्या गुंगीत बोललेलं खरंच असतं, हा समज शास्त्रालाही धरून नाही.

बुधवारी मी काय करीन ते सांगते. सुरुवातीलाच सगळ्यांना एकच वाक्य म्हणीन : 'जमेल तेवढं नीट करा, अर्धवट केलं तर कागदच बनणार नाही.' मुलाला काही वेळ आईवडिलांशिवाय बघीन. बाहेरच्या बाकावरचा अर्धा तास शिपाईमामांना लक्षात ठेवायला सांगणार नाही; ते त्यांचं काम नाही. त्यापेक्षा मीच दार उघडं ठेवून बघीन. शंका आलेल्याला त्याच दिवशी ना प्रमाणपत्र ना नकार, तीन आठवड्यांनी दुसरी तारीख. बोर्ड कुरकुर करेल, करू दे. आणि 'सोंग', 'खोटारडा', 'मॅलिंगरिंग' यांतला एकही शब्द पहिल्या अहवालात लिहिणार नाही. लिहीन ते असं : 'अमुक दोन ठिकाणी दिलेली उत्तरं सांगितलेल्या अडचणीशी जुळत नाहीत, ती येणेप्रमाणे. त्यामुळे आजचे गुण त्याची खरी क्षमता दाखवतात असं म्हणता येत नाही. पुनर्तपासणी व जुनी कागदपत्रं आवश्यक.' हे वाक्य उलटतपासणीत टिकतं. मी कित्येकदा त्यावर उभी राहिले आहे.

आणखी एक. सरकारी दवाखान्यात ज्याला तीन मिनिटं मिळतात तो माणूस दुखणं मोठं करून सांगायला शिकतो, कारण हळू सांगितलेलं कोणी ऐकलेलं नसतं. त्याचा एफ वर जातो, आयडियाजचे गुण फुगतात, आणि आतलं दुखणं तरीही खरं असतं. मानसोपचारतज्ज्ञ फिलिप रेझ्निक यांनी पूर्ण बतावणी आणि खऱ्या लक्षणांची अतिशयोक्ती यांत भेद केला आहे. माझ्या अनुभवात दुसराच प्रकार जास्त भेटतो.

तो टेम्पोचालक गुरुवारी वेळेवर आला. मी नाण्याचा निकाल त्याच्यासमोर ठेवला. रागावले नाही, आकडे सांगितले. बराच वेळ गप्प बसला. मग विचारलं, अपघातानंतर खरं काय बदललं? म्हणाला, टेम्पोत बसायला जमत नाही. मागून हॉर्न वाजला की स्टिअरिंगवरचा हात सुटतो. रात्री दोनला दचकून उठतो आणि उजाडेपर्यंत ओट्यावर बसतो. बायकोला विचारलं तर तिनं दोनची वेळही तीच सांगितली. 'हे का नाही सांगितलंस?' तर म्हणाला, 'भीती वाटते म्हनलं तर पैसं कोन देतंय? ध्यानात ऱ्हात नाही म्हन, असं सांगितलं व्हतं.'

त्याची स्मृती शाबूत होती, तसं मी लिहिलं. आघातानंतरचा ताणविकार होता, तोही लिहिला, कोणत्या निरीक्षणांवरून ते एकेक करून. पुढचे सात महिने तो उपचाराला येत राहिला. शेवटच्या दोन खेपांना स्वतः टेम्पो चालवत आला.